तो बडग्या कोणाचा?

वाचकांची पत्रं, प्रवासाचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन निवडली आहेत. युद्ध चालू असलेल्या किंवा होऊन गेलेल्या जागी फिरायला जाणं आणि त्यावर हसणं, असा तिन्हींचा विषय आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

प्रश्न

ताई, नमस्कार. मी त्रिमूर्तीनगरला राहतो. आमच्या मंडळात गणपतीत दरवर्षी एक प्रहसन होतं आणि ते लिहायचं काम माझ्याकडे असतं. यंदा मी 'युद्धदर्शन ट्रॅव्हल्स' लिहिलं. एक एजंट स्टेजवर येऊन गिऱ्हाइकाला पॅकेज समजावून सांगतो. 'पहिला दिवस, विमानतळावर आगमन, विमानतळ शिल्लक असल्यास. दुसरा दिवस, नाश्ता हॉटेलात, जेवण बंकरमध्ये. तिसरा दिवस, स्थानिक लोकांच्या भेटी, कोणी उरलं असल्यास. परतीच्या तिकिटावर भरघोस सूट, कारण ते सहसा वापरलं जात नाही.' शेवटी एक 'विदर्भ स्पेशल' आहे: 'गडचिरोली, सुरुंगावरून सफारी, एकेरी भाडं.'

तालमीत लोकं पोट धरून हसून राहिले होते. आमच्या गल्लीतली एक मुलगी 2022 मध्ये युक्रेनमधल्या खारकिव्हहून मेडिकलचं शिक्षण अर्धवट टाकून परत आली. ती तर सगळ्यांत जास्त हसली आणि स्वतःहून एक वाक्य दिलं: 'बंकरमध्ये चेक-आउटची वेळ नाही, कितीही दिवस राहा.' पण 'विदर्भ स्पेशल' आलं तेव्हा मागे बसलेले एक काका उठले, चपला घातल्या आणि काही न बोलता निघून गेले. त्यांचा मुलगा गडचिरोलीत पोलिसात आहे. आता मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो, विनोद आहे, काहून एवढं मनावर घ्यायचं? दुसरा म्हणतो, सगळंच रद्द कर. जिने खरं युद्ध पाहिलं तिला चाललं, मग काकांना का चाललं नाही? मी काय करू?

उत्तर

त्या मुलीपासून सुरुवात करते. फेब्रुवारी 2022 च्या शेवटी खारकिव्हमधली आपली मुलं मेट्रोच्या स्टेशनांत आणि तळघरांत दिवस काढत होती. वर केव्हा जाता येईल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. 'चेक-आउटची वेळ नाही' हे वाक्य तिने तिथून आणलं आहे. तुमच्या आख्ख्या प्रहसनात हे एकच वाक्य असं आहे की ज्यामागे बोलणाऱ्याचं स्वतःचं काही गेलेलं आहे. ते ठेवा. लिहिणारी म्हणून तिचं नावही सांगा, तिला चालत असेल तर.

वेढ्यात अडकलेली माणसं असं हसतात, आणि फार धारदार हसतात. बोस्नियाची राजधानी साराएव्हो 1992 च्या एप्रिलपासून 1996 च्या फेब्रुवारीपर्यंत वेढ्यात होती, 1425 दिवस. भोवतालच्या डोंगरांवर तोफा, उंच इमारतींत लपलेले नेमबाज, खाली वीज नाही आणि नळाला पाणी नाही. अशात 1993 मध्ये तिथल्याच लोकांनी शहराची एक गाइडबुक तयार केली. परदेशी पर्यटकांच्या पुस्तकात असते तशी मांडणी: काय खावं, काय प्यावं, कसं फिरावं. आत मात्र पाणी कुठे भरायचं, घर गरम ठेवायला काय जाळायचं, गोळ्यांच्या टप्प्यातला चौक कसा ओलांडायचा, हे सगळं. त्याच वर्षी एका तळघरात त्यांनी सौंदर्यस्पर्धा घेतली. स्टेजवरच्या मुलींनी हातात धरलेल्या फलकावर लिहिलं होतं, 'त्यांना आम्हाला मारू देऊ नका.' आणि युद्ध संपून बरीच वर्षं झाल्यावर, 2007 मध्ये, शहरात एक स्मारक उभं राहिलं: मदत म्हणून आलेल्या डबाबंद गोमांसाचा भला मोठा डबा, खाली आंतरराष्ट्रीय समुदायाचे आभार. ते मांस कुत्र्या-मांजरांनीही तोंडात धरलं नाही, असं तिथले लोक सांगतात.

या तिन्ही ठिकाणी थट्टा कोणाची झाली ते पाहा. तोफा लावणाऱ्यांची झाली, डबे पाठवून हात झटकणाऱ्या मोठ्या देशांची झाली, आणि थोडी त्यांची स्वतःची. पाण्याच्या रांगेत गोळी लागून पडलेल्या बाईची कोणी थट्टा केली नाही.

हे समजायला आपल्याला बोस्नियाला जायची गरजच नाही. मी नागपूरच्या महाल भागात वाढले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला आजोबा मला खांद्यावर घेऊन उभे राहत. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून, आणि त्यांच्यासोबत बडगे, म्हणजे ज्याची थट्टा करायची त्याचे पुतळे. नागपूरकराला काळा विनोद कोणी शिकवायला नको, आपण तो रस्त्यावर मिरवणूक काढून, ढोल वाजवून करतो आणि शेवटी पेटवतो. पण बडग्या कोणाचा करतात? महागाई वाढवणाऱ्याचा, पैसे खाणाऱ्या पुढाऱ्याचा, रस्त्यात खड्डे ठेवणाऱ्या कंत्राटदाराचा. 'रोगराई घेऊन जा गे मारबत' असं ओरडताना मी हजारोंना ऐकलं आहे. तापाने फणफणलेल्या पोराचा बडग्या मात्र इतक्या वर्षांत एकदाही पाहिला नाही.

तुमचं प्रहसन हातात घ्या आणि एकेका वाक्यापुढे विचारा, हा बडग्या कोणाचा?

'विमानतळ शिल्लक असल्यास' हा बॉम्ब टाकणाऱ्यांचा आहे, असू द्या. 'जेवण बंकरमध्ये' आणि परतीचं तिकीट, हा अशा ठिकाणी हौसेने जाणाऱ्याचा आहे, तोही चालेल. 'कोणी उरलं असल्यास' इथे मी थांबले. हे वाक्य एजंटाचा निगरगट्टपणा दाखवू शकतं. पण तुमच्या लिखाणात एजंट हा स्टेजवरचा सगळ्यांत हुशार माणूस आहे, टाळ्या त्यालाच आहेत, म्हणून लोक त्याच्या बाजूने हसतात आणि ते हसू मेलेल्यांवर जाऊन पडतं. गिऱ्हाइकाला तिथे थोडी जाग येऊ द्या. त्याला फक्त विचारू द्या, 'म्हणजे? बाकीचे कुठे गेले?' आणि एजंटाला उत्तर सापडू देऊ नका. एवढ्याने ते वाक्य उलटं फिरतं.

'विदर्भ स्पेशल' काढून टाका. त्याला दुरुस्ती नाही. 1 मे 2019 ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला पोलिसांची गाडी सुरुंगाने उडवली. 15 जवान गेले आणि त्यांच्यासोबत गाडीचा चालक गेला. तो पोलीस नव्हता, भाड्याच्या गाडीवरचा साधा माणूस होता. 'सुरुंगावरून सफारी, एकेरी भाडं' या ओळीत वर्णन त्याचंच झालं आहे, तुमच्या मनात नसलं तरी. गडचिरोलीचे जखमी हेलिकॉप्टरने नागपूरलाच येतात. आपल्या डोक्यावरून ती घरघर जाते तेव्हा तुमचे ते काका जेवता जेवता घास थांबवत असतील. मुलगा सुखरूप असला तरी थांबवत असतील. खारकिव्हची मुलगी परत आली आहे, तिचं तळघर तिच्या मागे राहिलं. काकांचा मुलगा उद्या सकाळी पुन्हा त्याच रस्त्याने निघणार आहे. एकाला चाललं आणि दुसऱ्याला का नाही, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला यात दिसतं.

बाकी प्रहसन रद्द करा असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. युद्ध बघायला जाणारा पर्यटक हा बडग्या करण्यासारखाच माणूस आहे आणि त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. 21 जुलै 1861 ला अमेरिकेच्या यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई बुल रन नावाच्या ओढ्याकाठी झाली. वॉशिंग्टनहून प्रतिष्ठित मंडळी बग्ग्या जोडून, खाण्याच्या टोपल्या आणि दुर्बिणी घेऊन ती बघायला गेली. दुपारनंतर त्यांच्याच बाजूचं सैन्य उधळलं आणि पळणारे सैनिक, बग्ग्या, टोपल्या सगळं एकाच रस्त्यावर अडकलं. बघायला आलेला एक खासदार शत्रूच्या हाती सापडला आणि काही महिने कैदेत राहिला. पहिलं महायुद्ध चालू असतानाच, 1917 मध्ये, टायर बनवणाऱ्या मिशेलिन कंपनीने रणभूमींच्या गाइडबुका छापायला सुरुवात केली. 2014 च्या जुलैमध्ये इस्रायलमधल्या स्देरोतच्या टेकडीवर लोक खुर्च्या मांडून गाझावर पडणारे बॉम्ब बघत बसले. त्यांच्या गावावरही रॉकेटं येत होती हे खरं आहे, पण ती खुर्ची मला समजत नाही. व्हिएतनाममध्ये कू चीचे बोगदे पर्यटकांना आत शिरता यावं म्हणून रुंद केलेत, आणि शेजारीच दर गोळीमागे पैसे मोजून एके-47 चालवता येते. ही सगळी माणसं तुमच्या एजंटाच्या दुकानात रांगेत उभी करा. टोपलीवाला, दुर्बीणवाला, खुर्चीवाला. लिहायला हात शिवशिवतील.

मी या गोष्टी बाजूला उभी राहून सांगत नाही. धरमपेठेत माझं यात्रा कंपनीचं छोटं ऑफिस 26 वर्षं होतं. 2001 च्या जूनमध्ये मी 19 जणांना श्रीनगरहून झोजिलामार्गे लेहला नेलं. त्या सहलीचं पत्रक मीच लिहिलं होतं. ठळक अक्षरांत वर छापलं होतं, 'कारगिल! युद्धाचा थरार, प्रत्यक्ष रणभूमीवर!' 2000 प्रती काढल्या होत्या. आमच्या गाडीचा चालक द्रासचा होता. तोलोलिंगच्या पायथ्याशी चहाला थांबलो तेव्हा त्याने ते पत्रक उचललं आणि आमच्यातल्या एका गृहस्थांना विचारलं, काय लिहिलंय? त्यांनी हिंदीत वाचून दाखवलं. तो हसला आणि मला म्हणाला, "मॅडम, थरार देखना था तो दो साल पहले आतीं. जगह की कोई कमी नहीं थी, पूरा गाँव खाली था."

सगळे हसले, तोही हसत होता. मग कपातला चहा संपवता संपवता त्याने सांगितलं की गाव सोडून खाली गेलो, परत आलो तेव्हा घराचा पत्रा आत पडलेला होता आणि गोठ्यातलं एकही जनावर राहिलं नव्हतं. त्याचा विनोद माझ्या पत्रकावर होता आणि तो शंभर टक्के बरोबर होता. त्या वाक्यातली बडग्या मी होते. नागपूरला परत आल्यावर उरलेले गठ्ठे मी रद्दीत घातले. पुढे त्याच मार्गाच्या पत्रकावर मी 'द्रास: मुक्काम, चहा, गावकऱ्यांशी गप्पा' एवढंच छापत आले आणि सहल दर उन्हाळ्यात भरत गेली.

आता काकांचं. त्यांच्या घरी जा, मंडळाच्या चार जणांना घेऊन नको, एकटे जा. 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' असं बोलू नका, वाईट वाटलंच आहे. ती ओळ मी काढली, एवढं सांगा. चहा ठेवला तर बसा आणि मुलाची विचारपूस करा, तो कुठल्या ठाण्याला आहे, सुट्टीला केव्हा येतो. प्रहसन बघायला या असा आग्रह त्या दिवशी करू नका.

प्रश्न

मी मनीषनगरची गृहिणी. माझा मुलगा 27 वर्षांचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. व्हिडिओ बघून बघून त्याने आणि दोन मित्रांनी अफगाणिस्तानला जायचं ठरवलं आहे. मी काही बोलले की थट्टेवारी नेतो. "आई, मेलो तर लग्नाचा खर्च वाचला." परवा म्हणाला, पहलगामला गेलेले लोक काय युद्धावर गेले होते का, मरण कुठेही येतं. त्याच्यापुढे माझं काही चालत नाही. काय सांगू?

उत्तर

बाई, लग्नाच्या खर्चाचं वाक्य तो तुमचं बोलणं बंद पाडायला वापरतो आहे. तुम्ही रडलात की विषय संपतो आणि हसलात तरी संपतो. दोन्ही करू नका. हे चार प्रश्न कागदावर लिहा आणि त्याच्याकडून लेखी उत्तरं घ्या.

पहिला, विमा. प्रवास विमा काढला असेल तर त्यातलं 'काय मिळणार नाही' हे पान त्याला मोठ्याने वाचायला लावा. युद्ध, यादवी, आक्रमण यांतून झालेलं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत धरत नाहीत. मी ग्राहकांचे दावे भरून दिले आहेत, त्या पानापुढे काही चालत नाही. दुसरा, आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची त्या देशाबद्दलची सूचना आज काय म्हणते? तिसरा, वाटेत पाय मोडला तर जवळचं चांगलं इस्पितळ किती तासांवर आहे आणि तिथून बाहेर काढणार कोण?

चौथा सगळ्यांत महत्त्वाचा: सोबतचा स्थानिक माणूस कोण असणार आहे? 17 मे 2024 ला बामियान शहरात बंदूकधाऱ्यांनी परदेशी पर्यटकांवर गोळीबार केला. 3 स्पॅनिश पर्यटक गेले, आणि त्यांच्यासोबतचे अफगाणही गेले. स्पॅनिश माणसं हौसेने गेली होती. अफगाण माणूस कामावर होता. "मेलो तर" असं म्हणताना तुमचा मुलगा फक्त स्वतःचा जीव हिशेबात धरतो. त्याची गाडी चालवणाऱ्याचा, वाट दाखवणाऱ्याचा आणि त्या माणसाच्या आईचा हिशेब त्याने केलेला नाही. हे त्याला सांगा. रागावून नको, पण अगदी स्पष्ट सांगा.

पहलगामचा दाखला मला फार लागला. 22 एप्रिल 2025 ला बैसरनच्या कुरणात 26 माणसं मारली गेली, त्यांतली 6 आपल्या महाराष्ट्राची. ती मुलाबाळांना घेऊन, घोड्यावर बसून, बर्फाचे डोंगर बघायला गेली होती. तिथे सहली रोज जात होत्या, धोका आहे असं त्यांना कोणी बजावलं नव्हतं. त्यांचं मरण हे धोका माहीत असूनही जाणाऱ्याच्या हातातलं कारण होऊ शकत नाही. त्याला पुन्हा तसं बोलू देऊ नका.

आणखी एक. 2022 मध्ये ऑपरेशन गंगा राबवून युक्रेनमधून 20 हजारांहून जास्त भारतीय आणले, बहुतेक विद्यार्थी. 2023 मध्ये सुदानमधून ऑपरेशन कावेरी झालं. ती मुलं शिकायला गेली होती, ते लोक पोटासाठी गेले होते, आणि युद्ध त्यांच्या अंगावर आलं. त्यांच्यासाठी विमानं पाठवलीच पाहिजेत. तुमच्या मुलाकडे जायचं कारण काय आहे, हे त्याला एका वाक्यात सांगता येतं का ते बघा. येत असेल, आणि चारही उत्तरं हातात असतील, तर त्याचं वय 27 आहे, तुम्ही अडवू शकणार नाही. माझा अंदाज असा की तिसऱ्या प्रश्नापर्यंत तो पोचणार नाही.

प्रश्न

आम्ही दोघं निवृत्त शिक्षक, वर्धा रोडला राहतो. सप्टेंबरमध्ये कारगिल, द्रास आणि हुंदरमान बघायचं आहे. आमची सून म्हणते, जिथे माणसं मेली तिथे सहलीला जाणं बरं नाही. तुमचं मत?

उत्तर

जरूर जा. आपण सीताबर्डीच्या किल्ल्यावर जातोच की. 1817 च्या नोव्हेंबरात 26 आणि 27 तारखेला अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज तिथे लढले, दोन्हीकडची माणसं पडली. आज तिथे आपण नातवंडांना कडेवर घेऊन चढतो, गांधीजींना ठेवलं होतं असं सांगतात ती कोठडी दाखवतो. सुनेला वाटतं ते चुकीचं आहे असंही मी म्हणणार नाही. द्रासला मेलेल्यांचे भाऊ, बायका आज हयात आहेत आणि स्मारकापुढे तुमच्या शेजारी त्यांपैकी कोणी उभं असू शकतं. तेवढं भान ठेवून वावरा.

हुंदरमान हे गाव 1971 पर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात होतं. जुन्या वस्तीतल्या एका दगडी घरात त्यांनी छोटं संग्रहालय केलं आहे, पत्रं, भांडी, नाणी, मागे राहिलेल्या वस्तू. तिथे घाई करू नका. गाडी आणि वाटाड्या तिथलाच घ्या. लष्करी चौक्यांचे फोटो काढू नका. आणि डोंगरउतारावर दिसलेला लोखंडाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, न फुटलेले गोळे त्या भागात अजून सापडतात.

गावकरी गमतीने काही बोलले तर मोकळेपणाने हसा. आपल्याकडून सुरुवात करू नका.

सुनेलाही एकदा सीताबर्डीला न्या. किल्ला सामान्य लोकांसाठी 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट असे तीन दिवस उघडतात. 1 मेला जात असाल तर सकाळी लवकर निघा आणि पाण्याच्या दोन बाटल्या जास्त घ्या, वर सावली फारशी नाही.